पुढच्या खोलीतला कापूस

त्या हिवाळ्यात आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त होता. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली. टीव्ही कापसाच्या मागे गेला होता, दिवाण कापसाखाली, आणि मुलीचा एक बूट आत गेला तो पुन्हा दिसला नाही. पाहुणा आला की उंबऱ्याजवळ बसायचा. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे, कारण त्याच्या घरीही हेच. आदल्या साली थांबणाऱ्यांना चांगला भाव मिळाला होता आणि सासूबाईंनी मात्र दिवाळीतच विकून टाकला होता. वर्षभर त्या स्वतःला बोल लावत राहिल्या. म्हणून यंदा कुणी काहीही म्हणो, भाव चढल्याशिवाय कापूस घराबाहेर काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. साऱ्या गावानंच तसं ठरवलं होतं, तिथेच गाडं अडलं.

घरात आम्ही तिघी. सासूबाई, मी आणि दुसरीत शिकणारी माझी मुलगी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा कतारमध्ये, समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात. वायरमन म्हणून गेला आणि सुपरवायझर झाला. तो शेतीला कंटाळून गेला असं गावात म्हणतात. मी त्याला कंटाळताना पाहिलं नाही. पहिली काही वर्षं कापसाच्या बीटी बियाण्यानं चांगला हात दिला. "बीटी आली तवा वाटलं, देवानंच फवारणी हाती घेतली," असं सासूबाई अजून सांगतात. मग बोंडात गुलाबी अळी शिरली. नवरा वरून धड दिसणारं बोंड अंगठ्यानं फोडायचा, आतली अळी पाहायचा, बोंड खाली टाकायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचा. शिवी नाही, सुस्कारा नाही. घरी येऊन हात धुऊन जेवायला बसायचा. चार भांडी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. आयटीआयचं सर्टिफिकेट ट्रंकेतून काढलं, तेही त्याच चेहऱ्यानं.

आणि आता कंपनीनं त्याला कुटुंबासाठी घर दिलं होतं. मला व्हिसासाठी मुंबईला जाऊन मेडिकल तपासणी करायची होती. पास झाले की मी आणि मुलगी जाणार. नाही झाले तर ते घर दुसऱ्या कुणाला मिळणार आणि आमची पाळी पुन्हा कधी येईल ते कंपनीलाच ठाऊक. सासूबाईंना न्यायची सोय नव्हती. त्यांनी ती मागितलीही नाही. "तिकडं वाळू हाय म्हणते. वाळूत काय उगोते?" एवढंच म्हणाल्या. मला जायचं आहे का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण आतून काही उसळून आलं असतं, असं नाही. माझ्यातलं ते कधीच बसून गेलं होतं.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. वावरात एका झाडाच्या बुंध्याशी पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. दर साली तो मान सासूबाईंचा. त्या साली त्यांनी मुलीला पुढे केलं. "हिच्या हातानं वेचू दे. पुढच्या साली कोण कुठं असते." मुलीनं बोंड वेचलं, आणि लगेच विचारलं की हा दहीभात आता खायचा का. सासूबाई हसल्या. मी उन्हात उभी होते आणि मला फक्त पदराला लागलेल्या काट्याकुसळांचं काहीतरी करावं असं वाटत होतं.

कापूस घरात फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते. आमच्याकडे हे कुणाला नवीन नाही. डोळ्याला न दिसणारे किडे असतात त्यात, असं डोणगावचे डॉक्टर सांगतात. आधी मुलीच्या पोटावर पुरळ आलं, मग माझ्या दंडांवर, मानेवर, पाठीवर लाल चट्टे. झोपेत आम्ही खाजवायला लागलो की सासूबाई उठायच्या. खोबरेल तेलात कापूर घालून ठेवलेली एक वाटी त्यांच्या उशाशी असायची. आधी नातीला तेल लावायच्या, मग मला. त्यांच्या अंगावर चट्टे नव्हते असं नाही. पण त्या म्हणायच्या, "माही कातडी आता जोड्याची झाली. तिले काय होते?" आमचं सासूसुनेचं जे काही चांगलं म्हणता येईल, ते त्या वाटीभर तेलात होतं.

मेडिकलची तारीख घ्यायला मी बुलढाण्याला गेले. तिथे बसस्टँडजवळ परदेशाचे कागद करून देणारा एक एजंट होता. कागद पाहता पाहता त्याची नजर माझ्या हातावर गेली आणि त्यानं पेन खाली ठेवलं.

"ताई, हे काय आहे?"

"कापूस आहे घरात."

तो इथलाच होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. म्हणाला, "मले समजते. मुंबईच्या डॉक्टरले काऊन समजन? तो म्हणन चामडीचा रोग. एकदा अनफिट लिहिलं का मग कोणी पुसत नाही. हे पयले बरं करा, मग तारीख काढू. पण लय दिवस नका लावू."

फोनवर नवऱ्यानं शांतपणे तोडगा सांगितला. माहेरी जाऊन राहा. मी मुलीला घेऊन सुलतानपूरला गेले. माझ्या आईनं दार उघडलं आणि तिच्या खांद्यावरून मला आतला कापूस दिसला. तिथेही आढ्यापर्यंत. वडील त्यावरच आडवे होऊन रेडिओ ऐकत होते. मी उंबऱ्यातच हसायला लागले. आईला वाटलं सासरी काही बिनसलं. दोन दिवस राहून आम्ही परत आलो. साऱ्या जिल्ह्यात कापूस नसलेलं एक घर मला सापडेना.

मग मी सासूबाईंना सरळच म्हटलं, "आत्याबाई, हा कापूस काढला नाही तर मेडिकल होणार नाही. मेडिकल झाली नाही तर आमचं जाणं राहिलं."

त्या शेंगा फोडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "आता इकला तं मातीमोल जाईन. संक्रांतीपर्यंत चढते भाव. सारे म्हनून राह्यले."

संक्रांत झाली. मग त्या शिवरात्रीपर्यंत म्हणायला लागल्या. मी अंगणात झोपून पाहिलं, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळी केल्या, डॉक्टरांचं मलम लावलं. चट्टे जरा उतरायचे, घरात वावरलं की परत यायचे. मला मनातून खात्री होत गेली की यांना भाव नको आहे, आम्ही हव्या आहोत. कापूस आहे तोवर आम्ही आहोत. या बाईनं आम्हाला कापसात कोंडून ठेवलंय, असं मला वाटे. राग यावा असंच होतं ते. पण राग आला नाही. कोंडलं तर कोंडलं, असं वाटून मी भाकरी थापत राहायची. एजंटचा फोन यायचा, नवऱ्याचा यायचा. मी दोघांना सारखंच उत्तर द्यायची, "बघते."

एक दिवस डोणगावहून मलम घेऊन आले तर दारात व्यापाऱ्याची गाडी लागलेली. दोन माणसं पुढच्या खोलीतून कापूस ओढून काढत होती आणि सासूबाई गाडीत उभ्या राहून तो पायांनी तुडवत होत्या. गाडी भरताना कापूस दाबावा लागतो, ते काम त्या कधी दुसऱ्याला देत नसत. डोक्यावर पदर, केसांत कापूस, गुडघ्यापर्यंत आत. मला पाहून थांबल्या नाहीत.

"भाव चढला का?" मी विचारलं. मला खरंच वाटलं होतं, चढला असेल.

"नाई."

"मग?"

"पोरगी लय खाजोते," त्या म्हणाल्या आणि तुडवत राहिल्या.

गाडी गेल्यावर त्यांनी खोली झाडली. कोपऱ्यातून मुलीचा बूट निघाला, तो त्यांनी पदरानं पुसून फळीवर ठेवला. मग सारी जमीन शेणानं सारवली. ओल्या जमिनीच्या वासानं घर भरलं आणि टीव्ही, दिवाण, भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो, सगळं परत जागेवर दिसायला लागलं. खोली इतकी मोठी आहे हे मी विसरले होते. मी त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं. जमिनीवर पाय उमटतील म्हणून मी दारातच उभी राहिले.

चट्टे गेले. मुंबईत डॉक्टरनं माझे दंड पाहिले, पाठ पाहिली, काही विचारलं नाही. मी फिट निघाले. कतारला निघताना सासूबाईंनी मुलीच्या हातावर दही ठेवलं, मग माझ्या. मी पाया पडले. "पोहचल्यावर फोन कर," त्या म्हणाल्या. एसटी वळणापर्यंत गेली तेव्हा मुलगी रडत होती आणि मी तिला खिडकीतून डोकं आत घे म्हणून सांगत होते. त्या साली भाव पुढेही चढला नाही. "म्हणजे आईचं नुकसान झालं नाही," असं नवरा म्हणतो. हिशेबानं ते बरोबर आहे.

इथे आमचं घर उंचावर आहे. खिडक्या बंद असतात, एसी चालू असतो, फरशीवर धूळसुद्धा दिसत नाही. मुलीनं मैत्रिणी केल्या, नवरा वेळेवर घरी येतो. मला इथे दुःख नाही. सुख आहे असंही म्हणणार नाही. सकाळ होते, डबा भरते, कपडे वाळत घालते, ते तासाभरात कडक वाळतात. गावाकडचं कुणी विचारलं, कसं वाटते तिकडं, तर मी म्हणते बरं आहे, आणि ते खोटं नसतं.

संक्रांतीला आम्ही व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या पोरीनं फोन धरला होता. सासूबाई पुढच्या खोलीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे पांढरं होतं, खालपासून वरपर्यंत. यंदाचा कापूस. सीतादही एकटीनंच केलं म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची बोटं दंडावर फिरत होती.

"आजी, काऊन खाजवून राह्यली?" मुलीनं विचारलं. तिची बोली तिकडे बोलताना अजून सुटत नाही.

"कापूस हाय न माय घरात."

मी म्हटलं, "आत्याबाई, विकून टाका ना. आता कुणासाठी थांबता? भाव तर चढत नाही."

"भावाचं कोण म्हनते?" त्या म्हणाल्या. "झोपेत खाजलं का जाग येते. वाटते तुमीच खाजोता. वाटी घेऊन उठते. मंग उभी राह्यते, आता लावू कोणाले."

मुलगी खळखळून हसली. तिला ती गंमत वाटली. मी बाही वर सारून माझा दंड पाहिला. कातडी स्वच्छ होती, मुंबईच्या डॉक्टरनं पाहिली होती तशीच.