अडलेला व्हिडिओ

हळदीचा वास आला की वडूजमधला माझा जुना गाळा आठवतो. लग्नांच्या व्हिडिओंचे रंग मी तिथंच सुधारायचो. एका फौजीची सुट्टी अचानक रद्द झाली आणि तो हळदीच्या अंगानंच ड्युटीवर निघून गेला. मग त्याचा फोनच लागेना, तेव्हा त्याची आई व्हिडिओ बघायला आली. जुन्या कॉम्प्युटरवर चालताना अडू नये म्हणून मी व्हिडिओ अर्ध्या क्वालिटीवर ठेवलेला. "त्वांड आसं पुसट का रं?" तिनं विचारलं. मी क्वालिटी पूर्ण केली. चेहरा लख्ख झाला, पण निघतानाच्या शूटिंगमध्ये एसटीत चढणारा तो पायरीवरच अडला. मी घाईनं सेटिंग बदलायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. अडलाय तवर हितंच हाय त्यो." आता नव्या कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ लावला, तर काहीच अडत नाही, एसटी लगेच निघून जाते.