दुपारच्या सुट्टीतल्या बिड्या

लढाईच्या दिवसांत मी केशोरीकडच्या एका खेड्यात शाळेवर बाई होते. पहिलीत एक सात वर्षांची पोरगी होती. आईबाप तापाने गेलेले, विधवा मामीच्या घरी राहायची. मामी बिड्या वळायची आणि पोरगी त्यांची तोंडं दुमडायची, म्हणजे पानाची कड लोखंडी काडीने आत खोचायची, तंबाखू सांडू नये म्हणून. लहान बोटांना हे काम छान जमतं, असं गावातली मोठी माणसं कौतुकाने सांगत. मला ते ऐकलं की संताप येई.

तोंड नीट बसलं नाही की कारखान्यावर ती बिडी छाट म्हणून बाजूला काढत, तिचे पैसे देत नसत. छाट निघाली की मामी कात्रीच्या मुठीने पोरीच्या बोटांवर मारी. एक दिवस तिला पेन्सिल धरता येईना, तेव्हा मला हे कळलं.

"काऊन मारलं वं?" मी विचारलं.

"छाट निंगाली, बाई."

मी तडक मामीकडे जाऊन भांडले. मांडीवरचं सूप खालीही न ठेवता ती म्हणाली, "छाट शिजवून पोरांले खाऊ घालू का, बाई? तुमी देता का तांदूळ?" मी परत फिरले. माझ्या भांडणाचा राग तिने पोरीवर काढला, तो वेगळाच.

मग मी एक उपाय काढला. सुट्टीत दुमडायला म्हणून मामी पोरीच्या वाट्याच्या सगळ्या बिड्या रोज फडक्यात बांधून द्यायची. त्या मी दुमडू लागले. माझ्या आईनेही बिड्या वळूनच मला वाढवलं होतं, हात तयार होता. मी दुमडायचे आणि पोरगी शेजारी बसून माझ्या डब्यातला भात खायची, मग पाटीवर अक्षरं गिरवायची. "कोणाले सांगू नको," असं बजावून मी तिला मेलेल्या आईची शपथ घातली.

छाट बंद झाली. बोटांची सूज उतरली. पोरगी वर्गात चक्क हसायला लागली, आणि मी स्वतःवरच खूश झाले. आज ते लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभराने ती शाळेत यायची थांबली. मी घरी गेले, तर मामी आनंदात होती. "हात बसला बाई तिचा! एक बी छाट नाई. कारखान्यातून जास्तीचं पान भेटलं, जास्ती बिड्या वळाले. आता साळंत कायले पाठवू?" मागे पोरगी खाली मान घालून तोंडं दुमडत होती. खरं काय ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं तर मामी तिला खोटारडी म्हणून मारेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरी भीती नोकरीची होती. बाई शाळेत बिड्या करते, हे वर कळलं असतं तर मला घरी बसवलं असतं.

आठ दिवसांनी राहवेना म्हणून पुन्हा गेले. पोरीचा उजवा हात चिंधीत गुंडाळलेला होता आणि चिंधीला घाण वास येत होता. दोन बोटं काळी पडली होती.

"साळंत बरी करे, घरी जाणून बिघडवून राहिली," मामी करवादली. "एवढी मारली, तरी बोलत नाई काऊन बिघडवते थे."

तेव्हा मी सांगितलं. त्या बिड्या माझ्या होत्या.

मामीने सूप खाली ठेवलं. मग ती पोरीला म्हणाली, "मंग तू काऊन नाई बोलली वं?"

पोरीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती घाबरून माझ्याकडे बघत होती.

"म्या कोणाले नाई सांगतलं, बाई," ती म्हणाली.