त्या दिवशी खाद्य कुणी टाकलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. विलासला नाही — विलास माझा नवरा — आणि सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगू द्या. मला आधी राग येतो, आणि राग आला की मी दुसऱ्यांबद्दलच बोलत बसते.

लाईटचा राग येतो. मे महिन्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, आणि नेमकं तेव्हाच आमच्या गारखेड्यातला ट्रान्सफॉर्मर जळतो. विलासचा राग येतो. माझ्या नणंदेचा, मंदाताईंचा येतो. आणि — हे बोलू नये — नानांचासुद्धा येतो. का नाही भांडला तो माणूस माझ्याशी?

नाना म्हणजे माझे सासरे. पिशोरला गुरांच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, औषधं मोजून देण्यात. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि त्यांनी हॉलमध्ये काचेची टाकी मांडली. पाच गोल्डफिश. आणले तेव्हा बोटाएवढे होते, चार वर्षांत तळहाताएवढे झाले. पाणी बदलायचा वार ठरलेला, खाद्याची चिमूट ठरलेली. लाईट गेली की आम्ही पंखा शोधायचो, नाना हवेचा पंप शोधायचे. माशांना उकाड्याचं काही नाही म्हणायचे, त्यांना श्वास पुरत नाही.

त्या दिवशी लाईट सकाळी सातलाच गेली. नानांना खुलताबादला जायचं होतं, मित्राच्या नातीच्या लग्नाला. विलास ऑफिसला गेलेला. मी शिक्षिका, शाळेला सुट्टी, म्हणून घरी मी एकटीच. निघताना नाना चपला घालून परत आत आले.

"शोभा, इन्व्हर्टरवर निस्ता पंप राहू दे. बॅटरी जुनी हाय, कूलर लावला तर तासात बसती. पंप बंद पडलाच तर मग्ग्यानं पाणी वर घेऊन धार सोडत राहा, तेवढी हवा मिसळती. आन् लाईट येईस्तोवर खायला काय टाकू नको. पाणी नासतं."

"व्हय नाना," मी म्हटलं.

आता काय सांगू? एक वाजता मी कूलर लावला. आजारी नव्हते, चक्कर आली नव्हती. गरम होत होतं, म्हणून लावला. मनात म्हटलं, दहा मिनिटं. खोली गार झाली आणि मी झोपले.

चारला जाग आली तेव्हा सगळं बंद होतं. कूलर, पंप, सगळं. दोन मासे आडवे झालेले. तिघं वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. मग्गा बाथरूममध्येच होता, दहा पावलांवर. मी काय केलं? खाद्याचा डबा उघडला आणि चांगलं मूठभर खाद्य टाकलं. का टाकलं? नानांचं बोलणं कानात होतं, तरी टाकलं. मग भानावर आले, मग्गा आणला, धार सोडत राहिले. साडेपाचपर्यंत पाचही गेले. पाण्यावर खाद्याचा तांबूस थर तसाच.

नाना सहाला आले. हातातली पिशवी तशीच धरून टाकीपुढं उभे राहिले. माशांकडं नंतर पाहिलं, आधी त्या थराकडं पाहिलं.

"खाद्य कुणी टाकलं?"

आणि मी म्हणाले, "तुम्हीच टाकलं ना नाना, सकाळी निघताना. मी पाहिलं की."

बस. एवढंच माझं वाक्य. घाबरून निघालं म्हणाल, तर पहिलं "तुम्हीच" घाबरून निघालं असेल. "मी पाहिलं की" हे मी विचार करून जोडलं.

"मी?" नाना म्हणाले. "लाईट गेल्यावर?"

"हो नाना."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "असंल. आता ध्यानात राहत नाय."

तेवढ्यात विलास आला. त्यानं एकदा तरी विचारावं ना, की नुसता पंप चालवून दुपारी बॅटरी कशी बसली? नाही विचारलं. बापाच्या डोक्यात बिघाड झाला हे त्याला किती लवकर पटलं! त्याच आठवड्यात स्कूटरची किल्ली काढून घेतली. गॅसजवळ जायचं नाही. गोळ्या मी मोजून द्यायच्या. मंदाताई फोनवर म्हणाल्या, मला तर कधीचंच वाटत होतं. कधीचंच? आदल्या महिन्यापर्यंत हा माणूस घराचे सगळे हिशोब तोंडी सांगत होता.

आणि मी? मी कॉलनीतल्या बायकांबरोबर वीज कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांना सुनावलं — जिवंत जीव होते, तुमच्यामुळं तडफडून मेले. आवाज चढला होता माझा. डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते खोटं नव्हतं. बायकांनी पाठ थोपटली. आजही तो प्रसंग आठवला की अंगाची आग होते. एवढा संताप आणला कुठून मी?

टाकी नानांनी स्वतःच्या हातानं रिकामी केली आणि शेजाऱ्यांना देऊन टाकली. पुढं त्यांना प्रत्येक गोष्टीची खात्री माझ्याकडून लागायला लागली. "शोभा, मी गोळी घेतली ना?" "शोभा, दार लावलं का मी?" स्वतःवरचा भरवसा उठला आणि तो माझ्यावर बसला. माझ्यावर! दर वेळी मी सांगायचे, हो नाना, घेतली. दर वेळी पुढचं वाक्य ओठांपर्यंत यायचं, आणि मी कणीक मळत राहायचे.

दिवाळीनंतर मंदाताई त्यांना सोयगावला घेऊन गेल्या. आम्ही दोघं नोकरीवर, घरात त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. मीही मान हलवली. निघताना नाना म्हणाले, "तू होती म्हणून मला कळलं तरी, माझं ध्यान गेलंय ते. नायतर काही तरी जाळून बसलो असतो." मी त्यांच्या पाया पडले.

दोन वर्षांनी ते तिथंच गेले. दहाव्याला मंदाताई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "शोभा, एक सांगू? दोन वर्षांत नाना एकही गोष्ट विसरले नाहीत. पिशोरची कुणाची गाय कोणत्या साली व्यायली ते सांगायचे. तरी दिवसातून दहा वेळा मला विचारायचे, बरोबर आहे ना माझं? आम्हीच उगाच..."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या.

मी म्हणाले, "वयच झालं होतं ताई." आणि पानं मांडायला उठले.