कोयता माझ्या हातात होता

इथले पोलीस कमरेला पिस्तूल लावून फिरत नाहीत, हे कौतुक मी पुण्याला फोनवर इतक्यांदा ऐकवलंय, की आता सासरे तेच मला ऐकवतात. नुसती टेझर असते, विजेचा झटका देणारी. किती सुसंस्कृत!

मनुरेवा या आमच्या उपनगरात आम्ही नवी गाडी घेतली, तिची शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर पूजा मांडली. बॉनेटला हळदीकुंकू, चाकांखाली लिंबं, मुलगी आरतीचं तबक घेऊन पायरीवर. सगळं झालं, पण नारळ फुटेना. मी कोयत्याने घाव घालत होतो. हा कोयता आईने बॅगेत दिलेला. विमानतळावर तिचे लाडू काढून घेतले, कोयत्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेजारी कुंपणापलीकडून माझी फजिती बघत होता. माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, अंगाने दारात मावणार नाही असा, बोलायला लोणी. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्याकडून मुगाची खिचडी जायची. "दे इकडे, ब्रो," म्हणत तो रबरी जँडल्स फटफटवत आला आणि नुसता नारळ घेऊन तो आपटायला पायरीशी वाकला.

तेवढ्यात पोलिसांची गाडी दारात. येता-जाता कुणातरी जागरूक नागरिकाने कळवलं होतं, की एक माणूस भलंमोठं हत्यार घेऊन गाडी फोडतोय.

दोघे उतरले. मला माओरीत नमस्कार केला, "किया ओरा, सर." ज्याच्या पणजोबाची ती भाषा, त्याच्यावर मात्र इंग्रजीत ओरडले, "ड्रॉप इट! गेट ऑन द ग्राउंड!" टेझरचा लाल ठिपका त्याच्या छातीवर, नेमका टाक्यांच्या व्रणापाशी येऊन थांबला.

"हत्यार माझ्याकडे आहे!" मी किंचाळलो, आणि पुरावा म्हणून कोयता उंच धरला. हातभर लांब, धारदार. धाकटा पोलीस मला धीर देत म्हणाला, "इट्स ओके सर, यू आर सेफ. जस्ट स्टेप बॅक." म्हणजे कोयतेवाल्याला नारळवाल्यापासून वाचवायला आले होते ते.

त्या ठिपक्यातून वीज निघाली असती तर ते हृदय पुन्हा चाललं असतं का, कोण जाणे. "त्याचं हार्ट वीक आहे, प्लीज!" मी ओरडत राहिलो. तोवर शेजाऱ्याने नारळ हळूच खाली ठेवला होता, तळवे दाखवले होते आणि गाल काँक्रीटला टेकवून तो पालथा पडलाही होता.

मग मी पूजा म्हणजे काय ते सांगितलं. त्यांना फारच इंटरेस्टिंग वाटलं. समारंभात व्यत्यय आणल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. शेजाऱ्याला म्हणाले, "ऑल गुड, मेट? स्वीट ॲज," म्हणजे सगळं झकास, आणि गेले. आमच्या ऑफिसात नकळत होणाऱ्या भेदभावावर ट्रेनिंग असतं, मफिन्ससकट. यांच्याकडेही असेलच. नकळत म्हणजे काय हे मला मात्र त्या दिवशी कळलं. करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, तो जेवायला निघून जातो.

शेजारी उठून गुडघे झटकत होता. मी विचारलं, "तुला इतक्या पटकन कसं सुचलं रे?"

"डॅडने शिकवलं," तो म्हणाला. "तुझ्या मुलीएवढा होतो. माझ्या पोरांना मी शिकवलं, तिकडे लॉनवर."

मुलीने तबक पायरीवर ठेवलं. "बाबा, शुड आय लर्न इट टू?"

मी तोंड उघडण्याआधी तोच तिच्याकडे बघून हसला. "नो, लव्ह. यू वोन्ट नीड इट."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर निदान मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.