सरकारला दाखवलेला बाप

हसायचं तर हसा, पण आमच्या दिवेआगरात कुणाला सांगू नका. तिथे आधीच पुरेसं झालंय.

मी घरजावई. सासऱ्यांची सुपारीची वाडी, त्यातच पर्यटकांसाठी बांधलेल्या आमच्या खोल्या. सासऱ्यांना मी पहिल्यापासून बाबाच म्हणतो. त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ताही मीच भरतो. मग इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना तो हप्ता मी 'आई-वडिलांचा विमा' म्हणून दाखवला, तर माझं काय चुकलं? परतावा झकास आला आणि त्यातून मी खोल्यांना नवे पंखे लावले.

मग मोबाइलवर मेसेज आला. विम्याची सवलत तपासा, चूक असेल तर रिटर्न सुधारा, जास्तीचा परतावा व्याजासकट परत करा. मी घाबरून कर सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, सासरे वडिलांत धरत नाहीत, पैसे भरून टाका, विषय संपला. पण त्याचं पुढचं मी ऐकलंच नाही. मला दिसत होती दारात सरकारी गाडी आणि कुंपणापाशी उभा अख्खा गाव. घरजावयानं सासऱ्याच्या नावावर सरकारला फसवलं! सांगा, तोंड कुठे लपवायचं?

सरकार म्हणत होतं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. मी बाप दाखवायचं ठरवलं. बाबांना हळूच सांगितलं, कुणी साहेब आले तर मी तुमचा मुलगा आहे म्हणा.

बाबा सुपारी सोलत होते. "म्हनतो की. पन मंग आमची सुनीता तुझी कोन?"

हा विचार मी केलाच नव्हता. आणि करायला वेळही मिळाला नाही, कारण दारात पांढरी गाडी थांबली. इस्त्रीचे शर्ट घातलेले तिघे उतरले, एकाच्या काखेत फाईल. ओटीवर बसता बसता फाईलवाल्यानं विचारलं, घरात कोण कोण असतं?

बाबा शब्दाचे पक्के. "ह्यो माजा मुलगा. आनि ती चाय घेऊन येते ना, ती माजी मुलगी."

तिघांची नजर भिंतीवर गेली. तिथे आमचा लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुनीताकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. चहाला कुणी हात लावेना.

माझा धीर सुटला. हात जोडून मी सगळं ओकलो. हप्ता, सवलत, परतावा, पंखे. हवं तर पंखे काढून न्या, पण गावात बोलू नका, असंही म्हणालो.

फाईलवाला मागे सरकला. "अहो, आम्ही सहलीला आलोय. जेवण घरचं मिळेल का, म्हणून विचारलं. फाईलीत आमची आधार कार्डं आहेत."

पैसे मी व्याजासकट भरले. छापा नाही, गाडी नाही, काही नाही. सुनीता मात्र बरेच दिवस घुश्शात होती.

त्या तिघांनी गावात खरंच काही सांगितलं नाही. त्यांनी इंटरनेटवर लिहिलं. तेव्हापासून फोन आला की माणसं खोलीचं भाडं विचारतात, मग जरा घुटमळतात आणि हळूच म्हणतात, "बहिणीशी लग्न केलेले ते तुम्हीच ना?"