भावजी आणि चतुर्थीची भिंत

अख्ख्या मालवण किनाऱ्यावर माणसांपेक्षा भिंतींशी जास्त सलगी असलेला माणूस एकच, आमचे भावजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिवताप खात्यात नोकरी. गावोगाव डीडीटीचा फवारा मारून झाला, की त्याचा उपयोग झाला का, हे तपासायचं त्यांचं काम. पण हा गृहस्थ सासुरवाडीला आला तरी तेच! वहाणा काढायच्या आधी भिंतीवर बोट फिरवणार, औषधाचा वास येतो का ते हुंगणार, मग डास धरायची काचेची नळी घेऊन कपाटामागे डास शोधणार. माझ्या लग्नात अंतरपाट धरला आणि हे मांडवातून गायब. सापडले कुठे, तर नवरीकडच्यांच्या देवघरात, बॅटरी मारत. मी तीन महिने त्यांच्याशी बोललो नाही. "अवो, चाय निवली!" हे बहिणीचं ओरडणं तर रोजचंच. गरम चहा त्यांनी जन्मात प्यायला नसेल.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या गावात फवारा झाला. चतुर्थीला भावजी आले, बोट फिरवलं आणि खवळले. आईने रिवाजाप्रमाणे गणपतीसाठी भिंतींना नवा चुना दिला होता.

"आये, ह्यां काय केलात! सगळो फवारो चुन्याखाली गाडलात! आता डास मरतले कशान?"

"मगे गणपतीक मळक्या भिंतीकडे बसवू?" आईही ऐकणारी नव्हती.

भावजी वाडीतल्या घराघरात जाऊन भांडून आले. सगळीकडे हाच प्रकार.

दिवाळीच्या सुमारास भावजींच्या खात्याचे साहेब जीपमधून आले. फायलीत प्रत्येक घरापुढे फवारल्याची खूण होती. साहेब खूश. "काम पूर्ण. फवाऱ्याचं पथक दुसऱ्या गावी हलवू या. सही करा."

"साहेब, घरं फवारली हे खरं, पण औषध भिंतीवर उरलेलं नाही. पुन्हा फवारायला हवं. नाहीतर ताप परत येईल."

"तुम्ही फवारलेली घरं मोजा. चुना कोण लावतं ते आपलं काम नव्हे."

भावजींनी सही केली नाही. त्यांची बदली झाली, सही दुसऱ्याने केली, पथक गेलं. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गाव तापाने फणफणलं तरी चालेल, फाईल पूर्ण झाली पाहिजे!

महिन्याभरात आईच हुडहुडी भरून पडली. वाचली, पण निम्मी होऊन. पुढच्या चतुर्थीला मी चुना भिजवला, तर तिने माझा हात धरला. "नको रे. जावय सांगत होते तां खरां. फवारेवाले अजून इले नाय, आज ना उद्या येतले. तेंच्यासाठी भिंत तशीच ऱ्हवांदे."

मळक्या भिंतीपुढे गणपती बसला. फवारेवाले येणार कुठून? कागदावर आमचं गाव कधीच पूर्ण झालं होतं.

भावजी बदलीच्या गावाहून आले. आईने मोठ्या अभिमानाने भिंत दाखवली. "बघा, मी हात लावूक नाय."

त्यांनी बोट फिरवलं, हुंगलं. नुसत्या चुलीच्या धुराचा वास.

"बरां केलात, आये," एवढंच म्हणाले. मग नळी बाहेर न काढताच पाटावर बसले आणि बहिणीने आणलेला चहा गरम असतानाच पिऊन टाकला.