संत्र्याच्या ताणावरचं माझं भाषण

आमच्या संशोधन केंद्रातलं काम शेतकऱ्यांपर्यंत पोचवायला त्या काळी खरं साधन एकच होतं, रेडिओ. नागपूरला नोकरीत नवा असतानाच संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात मला दर आठवड्याला दहा मिनिटं मिळू लागली. पहिला विषय संत्र्याचा ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी काही दिवस तोडणं. मी सांगितलं, दीड महिना तोडा. केंद्रातल्या काळ्या, भारी जमिनीत तेवढं बरोबर ठरलं होतं. ‘भारी जमिनीत’ हे शब्द कागदावर होते. वाचताना मीच ते गाळले. वाक्य ठाम वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेतला पानवाला म्हणाला, "काय साहेब, काल तं रेडिओवर बोलून राहिले होते! आता आमच्याशी बोलता का नाही?" तो आनंद मला बरेच दिवस पुरला.

पोस्टकार्डं येऊ लागली. कौतुकाची तीन मी पुढच्या भाषणात वाचून दाखवली. काटोलकडच्या एका बागायतदाराचं कार्ड मात्र टेबलाच्या खणात गेलं. त्यानं विचारलं होतं, माझी जमीन हलकी, हातभर खाली मुरूम, तरी दीड महिनाच का? उत्तर मला ठाऊक नव्हतं. तसं कळवता आलं असतं. शास्त्रज्ञानं ‘ठाऊक नाही’ लिहायचं, हे मला कमीपणाचं वाटलं.

महिना व्हायच्या आत तो स्वतःच बसनं आला. वयानं माझ्या वडिलांएवढा. पिशवीत वाळक्या फांद्या.

"तुम्हीच का ते? आवाजावरून मले वाटलं, पिकल्या केसाचे असान."

फांद्या त्यानं टेबलावर ठेवल्या. हात लावताच पानं चुरली.

"अर्धी बाग अशी झाली, साहेब. बायको म्हणे, पाणी सोडा, झाडं मरून राहिले. मी म्हटलं, तुले जास्त समजते का रेडिओवाल्या साहेबाले?" मग म्हणाला, "कार्ड टाकलं होतं मी. भेटलं नाही का?"

तो खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

"नाही," मी म्हणालो.

"आमचा पोस्टमन असाच हाये. त्याले पाहतो आता."

आळ मी पोस्टमनवरच राहू दिला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जाताना म्हणाला, "माझं झालं ते झालं. पण आमच्याकडं साऱ्यायची जमीन अशीच हाये. त्याह्यचं पाणी अजून बंदच हाये. तेवढं रेडिओवर सांगून द्या."

"सांगतो," मी म्हणालो. आणि सांगितलंही. काय बोललो ते शब्दशः आठवतं: "काही शेतकरी बंधू जमिनीचा पोत न पाहता लांब ताण देतात आणि झाडं गमावतात. हलक्या जमिनीत असं करू नये."

ऐकून लोकांनी पाणी सोडलं असेल, काही बागा वाचल्या असतील. पण त्या संध्याकाळी त्याच्या घरीही रेडिओ लागलेला असणार. बायको शेजारी बसलेली असणार. चूक तिच्या नवऱ्याची होती, असं तिनं माझ्या आवाजात ऐकलं. आणि तो तिच्यासमोर बसून काय म्हणाला असेल, ते मला आजही मनात आणवत नाही.